खडी मशीन चौक, पहाटे पाच

शनिवारी रात्री साडेनऊला मी निरोप टाकतो:
उद्या पाच वाजता. खडी मशीन चौक.
बोपदेव घाट, तीन वेळा.
पुढचा दिवा, मागचा दिवा, दोन बाटल्या, एक जास्तीची ट्यूब.
हेल्मेट नसेल तर झोपून राहा, राग नाही.

मग कारणं वर येतात,
घुसळलेल्या ताकावर लोणी यावं तशी.
पेठ्यांच्या मुलीला बघायला येणारेत.
अनघचा गुडघा, जो फक्त शनिवारीच दुखतो.
कुणी नुसताच अंगठा दाखवतं.
त्या अंगठ्याचा अर्थ येतो की येत नाही
हे मला चार वर्षांत कळलेलं नाही.

यादी मी कागदावर करतो, रेघा मारून.
नाव, रक्तगट, काही झालंच तर कुणाला फोन.
एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली,
व्हॉल्व्ह सोडणाऱ्यांच्या पाळ्या लावल्या.
कुठल्या गल्लीत पाणी किती चढतं
आणि कितव्या मजल्याला दमतं
ते अजून पाठ आहे.

अकरा अंगठ्यांची सात माणसं झाली.
धोंडीराम कुदळे, दुधाचा रतीब घालून थेट,
हँडलला अजून किटलीचा आकडा.
पेरेरा, ज्याची सायकल माझ्या स्कूटरपेक्षा महाग.
आणि नजमा तांबोळी, पहिल्यांदाच,
भावाची सायकल, सीट दोन बोटं उंच.
मी पाना काढून सीट खाली घेतली.
रक्तगट ओ पॉझिटिव्ह. पुढचा रकाना कोरा.
"नंतर सांगते," म्हणाली.
मी पेन खिशाला लावलं.

येवलेवाडीची कुत्री भुंकली, मग ओळख पटून गप्प झाली.
घाट लागला.
बोलणं आधी लांबलं, मग तुटलं,
मग नुसत्या साखळ्या
आणि सासवडकडून उतरणाऱ्या टेम्पोंचे ब्रेक.

पहिल्यांदा वर जाऊन सगळे हसतात.
दुसऱ्यांदा कुणी हसत नाही.
तिसऱ्यांदा खाली उतरताना
पेरेरासुद्धा विचारतो, हे कुणी ठरवलं?

मी शेवटी असतो. नेहमीच.
शेवटचा कोण ते ठरलेलं असलं
की बाकीच्यांचा निम्मा चढ कमी होतो.
तिसऱ्या फेरीत, वरच्या वळणाच्या अलीकडे,
नजमा उतरली. सायकल धरून उभी,
श्वास दोन्ही खांद्यांनी घेत.
"तुम्ही व्हा पुढे."
म्हटलं, मला नाही होता येत, नियम आहे.
खाली कोंढव्याचे दिवे एकेक करून विझत होते.
तिने विचारलं, "पाणी एवढं वर कसं चढवतात हो?"
एका दमात नाही, म्हटलं.
मधे टाकी बांधतात. तिथे थांबतं.
मग पुन्हा पंप.
तिने अर्धी बाटली प्यायली,
आणि काही न बोलता पाय पेडलवर ठेवला.

वर चहा. आल्याचा, नको तितका गोड.
मी यादी काढली: हं, कुणाचा नंबर?
तिने कागद माझ्या हातातून घेतला,
बोट खाली खाली नेलं, शेवटच्या ओळीपर्यंत.
"काका, तुमच्यापुढे काय खोडलंय?"

तिथे एक नंबर होता. फेब्रुवारीपर्यंत.

कुणी काही बोललं नाही.
पेरेराने उगाच टायर दाबून पाहिलं.
कुदळेने कप खाली ठेवला,
बोटं धोतराला पुसली, पेन मागितलं
आणि दोन्ही ओळींत स्वतःचा नंबर लिहिला,
मोठ्या, उतरत्या अक्षरात.
"मी तीनलाच उठतो," म्हणाला,
"कधीही लावा."

उतारावर कागद खिशात घामाने भिजला.
घरी येऊन पंख्याखाली वाळवला.
शाई फुटलीये. नऊ आकडे लागतात,
शेवटचा एक आहे की नऊ, कळत नाही.
मोबाइलमध्ये पाहता येईल, तिथे आहे त्याचा.
पण राहू दे.
विचारीन रविवारी.